भावी सासरी मुक्काम: विनोदाला कडक यजमान हवा की अवघडलेला मुलगा पुरेसा?

कर्वेरस्ता (धागाकर्ता):
'अबाउट माय फादर' हा २०२३ सालचा अमेरिकी विनोदी चित्रपट आम्ही काही मित्रांनी कोथरूडला एकाच्या घरी जमून पाहिला. तिथे सुरू झालेला वाद मिटला नाही, म्हणून तो इथे मांडतो.

कथानक थोडक्यात असे. शिकागोत हॉटेल सांभाळणाऱ्या सेबॅस्टियनला एलीला लग्नाची मागणी घालायची आहे आणि त्यासाठी आजीची अंगठी हवी आहे. सिसिलीहून येऊन केशकर्तनावर संसार उभा केलेले त्याचे वडील साल्व्हो म्हणतात, "मुलीची माणसे पाहिल्याशिवाय अंगठी मिळणार नाही." त्यामुळे ४ जुलैच्या सुट्टीत हे बापलेक एलीच्या अतिश्रीमंत आईवडिलांच्या उन्हाळी बंगल्यावर मुक्कामाला जातात.

माझे मत असे की, या प्रकारच्या विनोदाचा सगळा जीव यजमानाच्या धाकात असतो. आपल्याकडचा पाहण्याचा कार्यक्रम कितीही अवघड असला तरी पोहे, चहा आणि चार प्रश्न होऊन तासाभरात आटोपतो. मुक्कामी गेलेल्या पाहुण्याची मात्र झोपायची खोली, आंघोळीची पाळी आणि सकाळचा पहिला चहा हे सगळे दुसऱ्याच्या मर्जीवर असते, आणि निघून जायची सोय नसते. २००० सालच्या 'मीट द पेरेंट्स'ने हे नेमके ओळखले होते. तिथे मुलीचा बाप सीआयएचा निवृत्त माणूस निघतो आणि होऊ घातलेल्या जावयाला चक्क खोटे पकडणाऱ्या यंत्रापुढे बसवतो. तो बाप रॉबर्ट डी नीरो यांनी रंगवला होता, आणि २०२३ च्या चित्रपटात तेच डी नीरो पाहुणा म्हणून आलेला मुलाचा बाप आहेत. नट तोच, पण धाक गेला. एलीची आई सिनेटर आणि वडील हॉटेलांचे मालक असूनही सेबॅस्टियनच्या पोटात खरोखर गोळा यावा असे ते काही करत नाहीत, त्यामुळे प्रसंग येतात आणि ओघळून जातात.

मुठेकाठ:
आपण चित्रपटाचे नावच नीट वाचले नाही, असे नम्रपणे सुचवते. हा चित्रपट सासऱ्यांविषयी नाहीच. सेबॅस्टियन मॅनिस्काल्को हे मुळात रंगमंचावर एकट्याने विनोद सांगणारे कलाकार असून त्यांचे वडील प्रत्यक्षात केशकर्तनकार आहेत. सहलेखन त्यांचे, मुख्य भूमिका त्यांची आणि पात्राचे नावही त्यांचेच. अशा माणसाला सासुरवाडीच्या दहशतीपेक्षा स्वतःच्या बापाविषयी बोलायचे असणार, हे उघड आहे.

रात्री झोपण्यापूर्वी बापलेक अत्तराचा फवारा हवेत मारून त्याखालून चालत जातात, तो प्रसंग आठवावा. तिथे संवादाला फारसे काम नाही आणि कुणी घसरून पडतही नाही. मुलगा कितीही सुटाबुटात वावरला तरी या घरगुती रिवाजात तो बापाइतकाच मुरलेला आहे, एवढे त्यातून कळते, आणि म्हणूनच बाहेर त्याला बापाची लाज वाटताना पाहून हसूही येते आणि वाईटही वाटते. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा गावाहून आलेल्या वडिलांना प्रभात रस्त्यावरच्या भावी सासऱ्यांकडे नेताना रिक्षात हळूच सांगतो, "बाबा, तिथे जरा हळू बोला." या एका वाक्यावर अख्खा चित्रपट उभा राहू शकतो, आणि त्यासाठी समोरचे सासरे कडक असण्याची गरज नसते. किंबहुना ते जितके सौजन्याने वागतील तितकी मुलाची पंचाईत वाढते, कारण मग दोष द्यायला दुसरे कुणी उरत नाही.

शिरूरवाला:
मुठेकाठ यांच्याशी सहमत आहे, एक अपवाद सोडून. साल्व्हो यजमानांच्या आवारातला मोर मारून जेवणात वाढतो, तिथे मला हसू आले नाही. १९६३ पासून मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार हा गुन्हा आहे. शिवाय आमच्या तालुक्यात मोराची चिंचोली आहे. तिथे लोक मोर पाहायला पहाटे उठून पुण्याहून येतात.

कर्वेरस्ता:
शिरूरवाला, आपण माझीच बाजू बळकट केलीत. यजमानांचा लाडका पक्षी पाहुण्याने ताटात वाढला, याहून मोठा अपराध मुक्कामात संभवत नाही. 'मीट द पेरेंट्स'मध्ये शॅम्पेनचे बूच उडून यजमानांच्या आईच्या अस्थींचा कलश फुटतो आणि त्याचे पडसाद पुढे उमटत राहतात. इथे मोराची किंमत कुणी वसूलच करत नाही. मुठेकाठ म्हणतात तो लाजेचा धागा मला दिसतो. परंतु लाज वाटायला समोर कुणाच्या तरी मताची भीती असावी लागते, आणि पटकथा ती उभी करत नाही.

तिसरीघंटा:
आपण दोघेही अमेरिकी बंगल्यातून बाहेर या, ही विनंती. हल्ली पुण्यातली मंडळी साखरपुड्याआधी दोन्ही घरांना घेऊन दिवेआगर किंवा महाबळेश्वर गाठतात, आणि तिथे धाक कुणाचाच नसतो. दोन्हीकडचे एकमेकांना सांभाळून घेण्याची शर्थ करत असतात. माझ्या बहिणीच्या वेळी सुरमईची ताटे संपत आली असताना आमचे वडील हात धुण्याच्या निमित्ताने उठले आणि गल्ल्यावर जाऊन पैसे देऊन आले. हे लक्षात येताच मुलाच्या वडिलांचा चेहरा असा पडला की, सोलकढीचा पेला त्यांनी तोंडाला न लावताच खाली ठेवला. रात्रीच्या जेवणाला ते पहिला भात येण्याआधीच उठले. दोघेही अतिशय सज्जन आहेत आणि त्या दिवशी दोघेही असह्य झाले होते.

मुठेकाठ:
हेच मी म्हणत होते, धागाकर्ते. इथे कोणता यजमान कडक होता?

कर्वेरस्ता:
दोघेही. पैसे कोण देणार हा सत्तेचाच प्रश्न आहे, आणि तिसरीघंटा यांच्या प्रसंगात दोन्ही बाजूंनी तो जिद्दीने लढवला, म्हणून त्यात गंमत आली. एलीच्या घरच्यांनी साल्व्होशी अशी एक लढाई जरी शेवटपर्यंत नेली असती, तरी माझी तक्रार निम्मी झाली असती.