मदत हवी आहे: मॅग्नेपॅन १.७ स्पीकरसाठी अ‍ॅम्प्लिफायर आणि प्रीअ‍ॅम्पची जोडी (खोली गोव्यात फोंड्यातली, कौलारू)

कुळागर:

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

मार्चमध्ये शिवोलीतले एक जर्मन गृहस्थ गाशा गुंडाळून मायदेशी निघाले, त्यांच्याकडून मॅग्नेपॅन १.७ ची जोडी घेतली. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: जवळजवळ साडेपाच फूट उंच, दोन इंच जाड फळ्या. आत ताणलेला पातळ पडदा, तोच थरथरतो आणि आवाज पुढून-मागून दोन्हीकडून येतो. टेम्पोवाल्याने विचारलं, "हीं दारां खंय बसोवपाचीं?" आईला ते कपडे बदलायचे आडोसे वाटतात.

घर चिऱ्यांचं, वर मंगळुरी कौलं, माळा नाही. खोली १४ बाय २० फूट. फळ्या मागच्या भिंतीपासून साडेतीन फूट पुढे, माझी खुर्ची दहा फुटांवर.

आता दुखणं. जुना एव्ही रिसीव्हर (टीव्ही-सिनेमासाठीचा अ‍ॅम्प) जोडलाय, पत्रकात ८ ओहमला ९० वॅट लिहिलेत. हळू आवाजात पैसे वसूल. तंबोऱ्याची जवारी खोलीभर पसरते, पेटीच्या भात्याची फुसफुस कळते, केसरबाईंच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतली खरखरही कळते, त्याला इलाज नाही. पण जरा मोकळा आवाज करावा तर द्रुतमध्ये तबला समेवर येतो आणि नेमका तिथेच रिसीव्हरमधून "टक्". रिले (ओझं जास्त झालं की स्पीकर तोडणारा खटका) पडला. गायिका गायब, तबलजी गायब, कौलांवरचा पाऊस तेवढा ऐकू येतो. पुन्हा सुरू होईपर्यंत टाळ्या.

दुकानदार म्हणतो, "२०० वॅटचा घ्या, विषय संपला." मला ते इतकं सोपं वाटत नाही. कंपनी संवेदनशीलता (ठरावीक वीज दिल्यावर किती मोठा वाजतो) ८६ डेसिबल सांगते, पण २.८३ व्होल्टला. ८ ओहमच्या स्पीकरला एवढ्यात एक वॅट लागतो, हे ४ ओहमचे म्हणजे दोन वॅट. खरा हिशोब वॅटला ८३ डेसिबल, आणि वर प्रत्येक ३ डेसिबलला वॅट दुप्पट.

डोळ्यासमोर दोन पर्याय आहेत. मुंबईतला एक जुना क्लास एबी (जुन्या पद्धतीचा, जड) पॉवर अ‍ॅम्प, ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला २०० वॅट, वजन २८ किलो. किंवा नवा, हलका क्लास डी (झपाझप चालू-बंद होणाऱ्या स्विचांवर चालणारा), ४ ओहमला ४०० वॅट. पुढे लावायला म्हार्दोळच्या मित्राने बनवलेला १२एयू७ या काचेच्या व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प (पॉवर अ‍ॅम्पच्या आधी आवाजाची कळ असलेला डबा) आहे, तो सोडवत नाही. काय करू? चवथीला पाहुणे यायच्या आत मार्गी लावायचंय. (सतत तापणारा क्लास ए सुचवू नका, मे महिन्यात फोंड्यात खोलीत दुसरी चूल नको.)

रोहित्र:

वॅटचा अंदाज बांधत बसू नका, मोजा. ५०० हर्ट्झचा, -२० डेसिबल पातळीचा, म्हणजे पूर्ण पातळीच्या एक दशांश व्होल्टेजचा टोन मिळवा. नेहमी जिथे रिले पडतो त्याच्या किंचित अलीकडे आवाजाची कळ ठेवा, स्पीकर जोडलेलेच राहू द्या आणि मल्टिमीटर एसीवर लावून टर्मिनलवरचं व्होल्टेज बघा. आकड्याला दहाने गुणा. रेकॉर्डिंग पूर्ण पातळीला जातं तेव्हा अ‍ॅम्पला तेवढे व्होल्ट द्यावे लागतात.

पातळभाजी:

एव्ही रिसीव्हर विका आणि त्या पैशांत सुंगटं (कोळंबी) आणा. बाकी रोहित्रदादांना +१.

कुळागर:

मोजलं. २.४ व्होल्ट. म्हणजे २४ व्होल्ट, ४ ओहमला १४४ वॅट. गंमत अशी की ८ ओहमला ९० वॅट म्हणजे जवळजवळ २७ व्होल्ट, तेवढं व्होल्टेज तर रिसीव्हरकडे आहे!

रोहित्र:

व्होल्टेज आहे, करंट नाही. २४ व्होल्टला ४ ओहम म्हणजे ६ अँपिअर, आणि लाटेच्या टोकाला साडेआठ. ८ ओहमला याच्या निम्मा लागला असता. तो रिले तुमच्या रिसीव्हरचा जीव वाचवतोय. ज्या अ‍ॅम्पचे वॅट ८ वरून ४ ओहमला जाताना खरोखर दुप्पट होतात, त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि वीजपुरवठा दमदार असतो. म्हणून तो २८ किलोचा बुवा मला आवडला. क्लास डीसुद्धा चालेल, १.७ चा इम्पीडन्स (ओहममध्ये मोजतात तो विरोध) कमी असला तरी सगळ्या सुरांना बराच सारखा आहे.

खरा घोळ तुमच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये असणार. दोन्ही अ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स किती? आणि मित्राने आउटपुट थेट व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवरून (धन टोकावरून) काढलंय का? कपॅसिटर केवढा?

कुळागर:

मित्राने काल झाकण उघडलं. अ‍ॅनोडवरूनच, ०.४७ मायक्रोफॅरड. क्लास डीच्या पत्रकात १० किलोओहम, मुंबईवाल्याचा ४७.

रोहित्र:

मग बघा. कपॅसिटर आणि पुढचा इम्पीडन्स मिळून खालचे सूर कापतात. नुसत्या या दोघांच्या ढोबळ हिशोबाने ०.४७ आणि १० किलोओहम म्हणजे ३४ हर्ट्झपाशी ३ डेसिबल गेले, घसरण त्याच्या बरीच वरून सुरू. तुमच्या फळ्या मुळात ४० हर्ट्झपर्यंतच जातात, त्यात डग्ग्याचा घुमारही थोडा खाल्ला जाणार. शिवाय १२एयू७ च्या अ‍ॅनोडचा आउटपुट इम्पीडन्स पाच-सहा किलोओहम, पुढे निदान दहापट तरी हवा. त्याला १० चं ओझं दिलंत तर विकृती वाढेल आणि अशा स्पीकरवर ती लपणार नाही. ४७ ला घसरण ७ हर्ट्झच्या आसपास जाते, पण दहापट तिथेही पुरती होत नाही.

आणखी एक. डॅक (डिजिटल गाण्याचा विद्युत संकेत करणारा डबा) २ व्होल्ट देतो ना? अ‍ॅम्पचा गेन (संकेत किती पट वाढवतो ते) २६ डेसिबल, म्हणजे वीसपट असेल तर २४ व्होल्टसाठी त्याला १.२ व्होल्ट पुरतात. प्रीअ‍ॅम्पने वाढवायचं काही उरलंच नाही. तो आणखी दहा-पंधरा पट करत असेल तर तुमची कळ कायम घड्याळातल्या आठ वाजल्यापाशी, अगदी सुरुवातीलाच अडकेल आणि व्हॉल्व्हची सळसळ फुकट मोठी होईल. १२एयू७ मध्ये दोन ट्रायोड असतात. मित्राला म्हणावं, कॅथोड फॉलोअर (आउटपुट अ‍ॅनोडऐवजी दुसऱ्या टोकावरून काढणारी जोडणी) करून दे, गेन जवळजवळ एक, आउटपुट काहीशे ओहम.

कुळागर:

सळसळ आहेच! मी पावसाची समजत होतो. मित्र थोडा फुगलाय, "माझ्या प्रीअ‍ॅम्पचा गेन काढायला सांगणारा हा कोण" म्हणतोय, पण सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलंय. मुंबईवाल्याला आगाऊ रक्कम पाठवली. तो २८ किलोचा बुवा कदंबच्या बसने कुणी आणलाय का, की कुरियरच बरं?

पातळभाजी:

बसनेच आणा, पण मांडीवर.