मदत हवी आहे: सापेक्षता स्वतः शिकताना आधी सूत्रं की आकृत्या?

बीएस्सीच्या पहिल्या वर्षातल्या मुलांना विशिष्ट सापेक्षता स्वतः शिकता यावी म्हणून धड्यांचा क्रम लावतोय. गणिताचा फारसा प्रश्न नाही, बीजगणित आणि थोडं कलन पुरतं. खरी अडचण समकालिकतेची आहे: दोन ठिकाणच्या घटना एकाच वेळी घडल्या का, याचं उत्तर निरीक्षकाच्या वेगानुसार बदलतं.

म्युऑनचं (वातावरणात उंचावर तयार होणाऱ्या अल्पायुषी कणाचं) उदाहरण घ्या. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, वेग प्रकाशाच्या ०.९९५ पट (तो कायम धरू), गॅमा (चालतं घड्याळ किती पट हळू पडतं तो गुणक) सुमारे १०. १५ किमी उतरायला जमिनीच्या घड्याळात ५०.३ मायक्रोसेकंद, म्युऑनच्या घड्याळात ५. इथवर सगळ्यांना जमतं. पण म्युऑनच्या चौकटीत, म्हणजे त्याच्यासोबत जाणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने, जमिनीचंच घड्याळ हळू चालतं, त्या ५ मायक्रोसेकंदांत ते अर्धा मायक्रोसेकंदच सरकतं. मग ५०.३ आले कुठून? उत्तर असं, की त्या चौकटीत १५ किमी उंचीवरचं, जमिनीच्या घड्याळाशी जुळवलेलं घड्याळ शून्य दाखवतं तेव्हा जमिनीवरचं आधीच ४९.८ मायक्रोसेकंद पुढे असतं. नुसतं काळविस्ताराचं (चालतं घड्याळ हळू पडण्याचं) सूत्र पाठ असेल तर हे सुटतच नाही.

माझा कल मिन्कोव्स्की आकृत्या (स्थळ आणि काळ यांचे आलेख) आधी, लोरेंट्झ रूपांतरण (एका चौकटीतले स्थळ-काळ दुसरीत नेणारी सूत्रं) नंतर, असा आहे. मात्र चालत्या निरीक्षकाच्या तिरक्या अक्षांवर एककाची लांबी बदलते आणि मुलं फूटपट्टीने मोजून चुकतात. ज्यांनी हे शिकवलंय त्यांनी सांगा: अतिपरवलय (तिरक्या अक्षांवर एकक कुठे येतं ते दाखवणारा वक्र) मुलांकडून काढून घेता, की तयार आलेखकागद देता? आणि चतुःसदिश (काळ आणि स्थळाचे तीन घटक एकत्र धरणारे सदिश) कधी आणता?