मदत हवी आहे : पावलांची सलग साखळी काही दिवस थांबवून ठेवता येते का?

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर रोज सकाळी चालतो, ध्येय ८,००० पावलांचं. कालपर्यंत सलग २१३ दिवस झाले. कालच दुपारी खानापूरकडं शेतात भाताची रोपं लावताना चिखलात पाय मुरगळला. डॉक्टरांनी ३ आठवडे चालायचं नाही म्हणून सांगितलंय.

ॲपलच्या घड्याळात वॉचओएस ११ या प्रणालीपासून (२०२४) रिंगा, म्हणजे रोजच्या हालचालीचं ध्येय दाखवणारी वर्तुळं, थांबवता येतात, साखळी तुटत नाही. माझा फोन अँड्रॉइड. पावलं मोजायच्या ॲपमध्ये ध्येय कमी करता येतं, थांबवायचं बटण कुठंच दिसत नाही. ध्येय ५०० वर आणून दिवस मोजणं मनाला पटत नाही बघा.

हेल्थ कनेक्टमधून (अँड्रॉइडवर एका ॲपची आरोग्याची माहिती दुसऱ्याला देणारी सोय) दुसऱ्या ॲपमध्ये पावलं नेली तर साखळीपण जाते का? कुणी केलं असेल तर आज रात्री बाराच्या आत सांगा की.