शाकाहारी मोठ्या माशांच्या टाकीत जिवंत झाडे टिकतात का?

उपवनकाठ (ठाणे)

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घरात चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी आहे. काठोकाठ भरली तर साडेचारशे लिटर पाणी मावते. तीत सिल्व्हर डॉलर जातीचे सहा पानखाऊ मासे आहेत. ‘काही होत नाही साहेब, लावा बिनधास्त’ या एका दुकानदाराच्या शब्दावर विसंबून मागच्या वर्षी मी ॲमेझॉन स्वोर्डची तीन झाडे लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावला, तेव्हा पानांच्या फक्त मधल्या शिरा उभ्या होत्या, जेवण झाल्यावर ताटात उरलेल्या पापलेटच्या काट्यासारख्या. हायड्रिला तर एका रात्रीत संपली.

त्यानंतर मी ॲन्युबियस आणि जावा फर्न लावले. आज आठ महिने झाले, दोन्ही टिकून आहेत. ॲन्युबियसचे पान जाड आणि चिवट असते, शिवाय ते अळूच्या कुळातले झाड आहे. अळूचे कच्चे पान चावल्यावर घशाला जी खाज सुटते, ती त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक ॲन्युबियसमध्येही असतात. दोन्ही झाडांचे आडवे खोड वाळूत पुरायचे नाही, पुरले की ते कुजते. मी ते काळ्या दोऱ्याने लाकडाला बांधले आणि दोन-तीन महिन्यांत मुळांनी लाकूड धरल्यावर दोरा कापून टाकला. ‘शाकाहारी मासे पाळायचे तर टाकी उजाड ठेवायची’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणूनच मला मान्य नाही. पर्याय मोजके आहेत, पण आहेत.

नेरुळचा गुरामीवाला

आपला अनुभव खोटा आहे असे मी म्हणत नाही, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष सिल्व्हर डॉलरपुरताच आहे. माझ्याकडे सव्वा फुटाचा एकच जायंट गुरामी आहे आणि त्याने ॲन्युबियसचे पान खुडले, पसंत पडले, आणि आठवड्याभरात लाकडावर नुसते खोड राहिले. अळूच्या खाजेचा आपला युक्तिवाद तर या माशाच्या बाबतीत अगदीच लंगडा पडतो. जावा बेटावर तळ्यांत गुरामी पाळणारे शेतकरी त्याला ‘सेंते’ नावाच्या, हत्तीच्या कानाएवढ्या पानांच्या अळूचीच पाने खाऊ घालतात. ज्याच्या मूळ मुलखात अळू हा रोजचा चारा आहे, त्याला आपण अळूच्या नातेवाइकाची भीती घालत आहोत.

दुसरा मासा म्हणजे पाकू. आपल्या बाजारात रूपचंद म्हणून विकला जातो तोच. दुकानात बोटाएवढा असताना लाल पोटामुळे गोंडस दिसतो. ॲमेझॉनच्या पुरात झाडांवरून पडणारी फळे आणि कठीण बिया फोडून खाणारा हा मासा, त्याच्या दातांपुढे ‘चिवट पान’ म्हणजे काय? तेव्हा झाडांची यादी देण्याआधी माशाचे नाव आणि त्याची पूर्ण वाढ सांगणे आवश्यक आहे. माझे मत असे, की फूटभराहून मोठ्या पानखाऊ माशाच्या टाकीत पाण्याखाली झाड लावणे ही महागडी भाजी आहे. पालकाची जुडी त्याहून कितीतरी स्वस्त पडते.

ऐरोलीकर ताई

गुरामीवाले दादांचा मुद्दा बरोबर आहे, पण दोघांच्याही लिहिण्यात एक गल्लत होते आहे. झाड खाणारा मासा वेगळा आणि झाड उपटणारा मासा वेगळा. माझ्याकडे ऑस्कर होते. ते मांसाहारी, पानाला तोंड लावत नसत, तरी महिन्याभरात एकही झाड जागेवर राहिले नाही, कारण वाळू उकरणे हा त्यांचा स्वभाव आहे. अशा माशांसाठी दगडाला किंवा लाकडाला बांधलेले झाड हा खरा इलाज आहे. खाणाऱ्या माशापुढे मात्र बांधून काहीही उपयोग नाही. ताट बांधून ठेवले म्हणून जेवण थांबत नाही. गोल्डफिश दोन्ही करतो, तळ उकरतो आणि कोवळी पानेही कुरतडतो, म्हणून त्याच्याबाबत लोकांची मते इतकी टोकाची असतात.

उपवनकाठ यांना एक प्रश्न विचारते. आपले सिल्व्हर डॉलर आठ महिन्यांत दिवसाला काय खातात? माझा संशय असा, की आपली झाडे चवीमुळे कमी आणि माशांचे पोट भरलेले असल्यामुळे जास्त टिकली असावीत.

उपवनकाठ (ठाणे)

ताई, आपण नेमके बोट ठेवले. स्वोर्ड लावले तेव्हा मी दिवसातून दोनदा फक्त गोळ्यांचे खाद्य देत होतो. आता रोज संध्याकाळी काकडीची जाड चकती स्टीलच्या चमच्यात खोचून तळाशी सोडतो. सकाळपर्यंत हिरव्या सालीची बांगडी तेवढी उरते आणि चमच्यासकट ती बाहेर काढतो. आठवड्यातून दोन-तीनदा स्वच्छ धुऊन उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, कधी साल काढलेले मटार. हा खुराक आणि नवी झाडे एकाच महिन्यात सुरू झाली, त्यामुळे श्रेय कोणाचे हे मी इतक्या ठामपणे सांगायला नको होते. मागच्या महिन्यात आम्ही चार दिवस गावी गेलो आणि खाद्य बंद होते, तेव्हा जावा फर्नची कोवळी टोके कुरतडलेली आढळली. ॲन्युबियसला मात्र तेव्हाही हात, म्हणजे तोंड, लागले नव्हते. एवढ्यापुरता माझा दावा कायम ठेवतो.

कळवा नाका

इतका उपद्व्याप करण्यापेक्षा प्लास्टिकची झाडे लावावीत आणि मोकळे व्हावे. धुता येतात, कुजत नाहीत.

नेरुळचा गुरामीवाला

धुता येतात हे खरे, पण पान दिसले की खुडायचे एवढेच माशाला कळते. तुटलेला प्लास्टिकचा तुकडा गिळला गेला तर आतडे तुंबून मासा मरू शकतो. त्यापेक्षा नुसते लाकूड आणि मोठे गोटे बरे.

वाशी सेक्टर नऊ

आतापर्यंतची चर्चा झाड ‘टिकते का’ एवढ्यावरच अडकली आहे. झाड टाकीत काय काम करते हे कोणीच विचारलेले नाही. मोठा पानखाऊ मासा भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो. त्या घाणीतून निघणारा अमोनिया फिल्टरमधले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात, आणि साठलेले नायट्रेट पाणी बदलून किंवा झाडांकरवी काढावे लागते. ॲन्युबियसला एक नवे पान काढायला तीन-चार आठवडे लागतात. इतके संथ झाड शोभेचे आहे, पाण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग नगण्य आहे. भराभर वाढणारे झाड मासे खातात आणि मासे खात नाहीत ते वाढत नाही, असा हा पेच आहे.

मी तो पाण्याबाहेर सोडवला. टाकीच्या वर बसवलेल्या फिल्टरच्या ट्रेमध्ये मनी प्लांटच्या पंधरा फांद्या आहेत, मुळे पाण्यात आणि पाने हवेत. मुळे थेट टाकीत सोडली तेव्हा माशांनी ती दाढी केल्यासारखी साफ केली होती, म्हणून ती जाळीच्या मागे नेली. आता वेल खिडकीच्या गजापर्यंत पोहोचला आहे. पाणी दर आठवड्याला बदलतोच, ते यामुळे टळत नाही. पण काचेवरचे शेवाळ पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी झाले. माझ्या मते मोठ्या शाकाहारी माशांना ‘जुळणारे’ झाड ते, ज्याच्यापर्यंत त्यांचे तोंड पोहोचत नाही.

उपवनकाठ (ठाणे)

मनी प्लांटही अळूच्याच कुळातला आहे, ही गंमत नोंदवून ठेवतो. मुद्दा मान्य आहे. तरीही पाण्याखाली हिरवे काही नसलेली टाकी माझ्या डोळ्यांना रुचत नाही, आणि सिल्व्हर डॉलर बुजरे असतात. लाकडाआड पानांची सावली मिळाली की ते मोकळेपणी फिरतात, हे मी रोज पाहतो. शोभा ही काही कमी प्रतीची गरज नव्हे.

ऐरोलीकर ताई

खायचेच आहे तर मुद्दाम खाण्यासाठी पिकवावे, असाही एक मार्ग आहे. मी बाल्कनीत टबात डकवीड वाढवते. ऊन आणि टाकीतले काढलेले पाणी मिळाले की ती पाण्यावरची बारीक हिरवी पाने चांगल्या हवेत दोन-तीन दिवसांत दुप्पट होतात. गाळणीने मूठभर काढून टाकीत सोडली की अर्ध्या तासात पृष्ठभाग मोकळा. तलावातून वनस्पती उपसून आणू नयेत, त्यांच्याबरोबर गोगलगायी आणि जळवा घरात येतात. साठलेल्या पाण्यात डेंगीचे डास होऊ नयेत म्हणून टबात पाच-सहा गप्पी सोडावेत.

नेरुळचा गुरामीवाला

ताई, हे मात्र मी करून पाहीन. आमचा गुरामी टब एका दिवसात संपवेल, म्हणून दोन टब लावतो, एक भरत असताना दुसरा उपसायला. गप्पी मात्र डकवीडबरोबर टाकीत जाऊ नयेत म्हणून गाळणी आधी तपासावी लागेल. गुरामी मोठेपणी निव्वळ शाकाहारी राहतो, यावर माझा विश्वास नाही.