मदत हवी आहे: भाऊ भलतंच बोलतोय, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?

घाईत_आहे: धाकट्या भावाला फिट्सचा त्रास जुना, गोळ्या चालू आहेत. कालपासून म्हणतोय की जेवणात काहीतरी कालवलंय, शेजारचे भिंतीपलीकडून त्याच्याबद्दल बोलतात. झोप नाही. आईला खोलीत येऊ देत नाही. फिट्सच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची. थांबायचं की मानसोपचारवाल्यांकडे न्यायचं? लवकर सांगा प्लीज.

चकवा: गोळी कुठली? शेवटची फिट कधी? एवढ्यावर काय सांगणार?

रातकिडा: लेव्हेटिरासिटाम असणार, लिहून देतो. माझ्या बहिणीला त्यानेच झालं होतं. आधी चिडचिड, मग संशय. बंद करा ती.

पानगळ: रातकिडा, 'बंद करा' काय? फिटची गोळी एकदम सोडली तर फिट्स थांबेनाशा होतात, जिवावर बेततं. बहिणीची डॉक्टरांनी बदलली असेल ना?

रातकिडा: हो, बदललीच. तेच म्हणतोय.

घाईत_आहे: लेव्हे वगैरे नाही, कार्बामाझेपिन, वर्षानुवर्षं तीच. मंगळवारी रात्री लागोपाठ फिट्स आल्या, पण बुधवारी एकदम व्यवस्थित, गप्पा मारत होता. म्हणजे फिट्सचा संबंध नाहीच.

पानगळ: उलट, तो मधला चांगला दिवसच सांगतोय की संबंध असू शकतो. लागोपाठ फिट्स, मग एखाद-दोन दिवस (कधी आठवडाभर) माणूस ठीक, आणि मग भास, संशय. याला पोस्टइक्टल सायकोसिस म्हणतात. लॉग्सडेल आणि टून या डॉक्टरांनी १९८८ मध्ये निकष मांडले, त्यात हा मधला काळ धरलाय. टेम्पोरल लोबच्या (मेंदूचा कानशिलाकडचा भाग) जुन्या फिट्समध्ये जास्त दिसतो. बहुतेकांचं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निवळतं, पण तेवढ्यात माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू शकतो. सोमवार कसला, आजच इमर्जन्सीत न्या. ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) काढायला सांगा, कारण फिट आतल्या आत चालू असली तरी वरून असंच दिसू शकतं.

किटली: कीटो डाएट केलंत का? आमच्याकडे खूप फरक पडला.

चकवा: अहो, तो जेवणात काही कालवलंय म्हणतोय आणि तुम्ही डाएट सांगताय!

रातकिडा: फोर्स्ड नॉर्मलायझेशनपण असतं हं. फिट्स थांबतात, ईईजी सुधारतो आणि डोकं बिघडतं. लांडोल्ट नावाच्या डॉक्टरने १९५३ मध्ये मांडलं.

पानगळ: इथे फिट्स थांबल्यात कुठे?

जुनापुराणा: अवांतर: फिट्स आणि स्किझोफ्रेनिया एकत्र नांदत नाहीत, असं मानून मेडुना या मानसोपचारतज्ज्ञाने १९३४ मध्ये रुग्णांना कापूर टोचून मुद्दाम फिट्स आणल्या होत्या. विजेच्या शॉकची ट्रीटमेंट त्यानंतर, १९३८ ची.

घाईत_आहे: शॉक देणार आहेत का??

चकवा: नाही हो, ते इतिहास सांगतायत. निघालात का?

घाईत_आहे: तो यायला तयार नाही. समजावतोय, तर मीही त्यांच्यातलाच म्हणे.

पानगळ: वाद घालू नका, पटणार नाही. 'झोप लागत नाही, त्यावर औषध घेऊ' एवढंच म्हणा. सुऱ्या, कात्र्या उचलून ठेवा. अंगावर आला किंवा पुन्हा फिट आली तर सरळ अँब्युलन्स. गोळ्यांचं पाकीट न्या, कार्बामाझेपिनमुळे रिस्पेरिडोनसारख्या भास-संशयावरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं, डॉक्टरांना माहीत हवं.

घाईत_आहे: मामाचं ऐकतो तो. मामाला बोलावलंय, आला की निघतो.

किटली: कीटोचा वेगळा धागा काढलाय, इच्छुकांनी तिकडे या.