धडधड सुरू असतानाच ईसीजी पकडायचा आहे, आईच्या घड्याळाचं सेटिंग कसं करू?

नमस्कार मंडळी, राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून रायलो. आई 58 वर्षांची आहे. दिवाळीपासून तिले मधूनच एकदम छातीत धडधड सुरू होते, दहा-पंधरा मिनिटं राहते अन् आपोआप थांबते. गाडी काढून तालुक्याले नेईपर्यंत सगळं नॉर्मल. तीन वेळा ईसीजी काढला, तिन्ही वेळा काही नाही. 24 तासाचं होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) भी लावलं, तं नेमका तोच दिवस कोरडा गेला. डॉक्टर म्हणतात धडधड चालू असतानाची पट्टी आणा मग बोलू, अन् आई आता रात्री झोपतच नाही, उठून बसते.

दादानं पुण्याहून त्याची जुनी ॲपल वॉच सिरीज 6 अन् जुना आयफोन पाठवला. दहा दिवस झाले घालून. या दहा दिवसात दोनदा धडधड झाली पण घड्याळानं काहीच सांगितलं नाही, इरेग्युलर रिदमवालं नोटिफिकेशन तं मी चालू केलं होतं. ईसीजी काढायले गेलो तं 'पुअर रेकॉर्डिंग' येते. फोनवर अजून दादाचाच आयडी आहे, जन्मतारीख भी त्याचीच, त्याच्यानं फरक पडते का? दिवसभर ती कापूस वेचते, घाम असते, हातात बांगड्या अन् पाटल्या, त्या ती काढणार नाही अन् मी काढ म्हणणार भी नाही.

उत्तर

भाऊ, आधी घड्याळ अनपेअर करा (फोनपासून त्याची जोडणी तोडा), फोन रिसेट करून आईच्या नावाचा आयडी, तिचीच जन्मतारीख. फॅमिली सेटअपनं दादाच्या फोनला जोडू नका, त्यात ईसीजी येतच नाही. ते नोटिफिकेशन हात स्थिर असतानाच अधूनमधून तपासतं अन् कमीत कमी 65 मिनिटांत पाच वेळा ठोके अनियमित दिसले तरच सांगतं, दहा मिनिटांची धडधड त्यात सापडायची नाही. तुमच्या कामाचं ईसीजी ॲपच आहे. घड्याळाच्या तोंडावरच त्याचं चिन्ह ठेवा, धडधड आली की खाली बसून हात मांडीवर टेकवायचा, दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या गोल बटनावर 30 सेकंद नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही. मनगट अन् बोट आधी पुसून घ्या, बांगड्या घड्याळाला लागू देऊ नका. ठोके 150 च्या वर असले तर 'इन्कन्क्लुझिव्ह' (निष्कर्ष निघाला नाही) असं येईल, तरी ती पट्टी पुसू नका, हेल्थ ॲपमधून पीडीएफ काढून डॉक्टरांना दाखवा, त्यांना त्यातून वाचता येतं. अन् छातीत दुखलं, चक्कर आली, दम लागला तर घड्याळ पाहत बसू नका, हार्ट अटॅक त्याला कळत नाही, 108 ला फोन करा.

धागाकर्ता

लय उपकार झाले. सगळं नव्यानं केलं, वॉच वरती सरकवून पाटल्यांपासून चार बोटं लांब बांधली, पहिली पट्टी साफ आली, सायनस रिदम, म्हणजे ठोके नियमित. आईकडून पाच वेळा करून घेतलं, आता तिचं तिले जमते. एकच राहिलं, आमच्याकडं शेतीची लाइन रात्रीची असते म्हणून घरची माणसं रात्री ओलिताले जातात, अन् तिची धडधड भी जास्त करून रात्रीच होते, मग वॉच चार्जिंगले कधी लावू?