गड्ड्याच्या गर्दीत विषाणू: हवापालटाचा आकडा आणू कुठून?

सांख्यिकी_सोलापूर
एमएस्सीच्या प्रकल्पाला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी घेतलीय; तिच्यात विषाणू किती पसरेल ते काढायचंय. संक्रांतीची संध्याकाळ, होम मैदान, पाळण्यांसमोरच्या रांगा. वेल्स-रायली सूत्रात (हवेतून लागण व्हायची शक्यता काढणारं) खोलीतल्या हवापालटाचा दर, म्हणजे तासाला किती ताजी हवा येते ते, टाकावा लागतो. मैदानाला ना भिंत ना छप्पर! सर म्हणाले, ‘वारा घाल.’ घालू कसा?

बाळीवेस_कट्टा
अनंत टाक बे अन् मोकळा हो. लागण शून्य, मार्क शंभर.

निवृत्त_भौतिकी
अनंत टाकू नकोस बाळा, परीक्षक हसतील. 1978 साली रायलींनी हे गणित शाळेतल्या गोवराच्या साथीला लावलं. त्यात खोलीभर हवा सारखी मिसळली असं धरलंय; मैदानात आधी तेच मोडतं.

एक मीटर रुंद, तीन मीटर उंच चौकट धर. सेकंदाला एक मीटर वारा असला तरी तिच्यातून तासाला 10,800 घनमीटर हवा जाते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत तासाला दोनदा हवा पालटली तर साठ घनमीटरही भरत नाही. म्हणून उघड्यावर सरासरी धोका कमी येतो. पण पाळण्याच्या रांगेत मागच्याची हनुवटी पुढच्याच्या खांद्यावर असते, तिथं सरासरी घेऊन काय करणार?

धुराड्याच्या धुराचं गाउसचं सूत्रही तसंच उचलू नकोस. त्याचे नेहमीचे आलेख शंभर मीटरच्या पुढचे. तुझा सगळा खेळ दोन मीटरांत.

मी एकदा मैदानात उदबत्ती लावून बसलो होतो (घरच्यांनी वेड्यात काढलं). दुपारी धूर हातभर वर जाऊन फाटायचा. रात्री नऊनंतर तोच सुतळीसारखा आडवा, छातीच्या उंचीवर लोंबत राहिला. थंडीत जमीन आधी निवते, तिच्यालगतची गार हवा वर चढत नाही. त्यात ऊनही नाही, म्हणजे विषाणू मारणारे अतिनील किरणही गेले. श्वासातून सुटलेला पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब स्थिर हवेतसुद्धा दीड मीटर खाली यायला अर्धा तास घेतो. शंभर मायक्रॉनचा पाच-सहा सेकंदांत पडतो.

सांख्यिकी_सोलापूर
म्हणजे दोन भाग करू? जवळ श्वासाचा झोत, लांब वारा?

निवृत्त_भौतिकी
हो. दुपार अन् रात्र वेगळी चालव. वाऱ्याचा वेग मात्र हवामान खात्याचा घेऊ नकोस, तो दहा मीटर उंचीवरचा असतो. रांगेत उभं राहून नाकाच्या उंचीवर मोज.

बाळीवेस_कट्टा
उदबत्तीचा पुडा माझ्याकडं. पाळण्याचं तिकीट तू काढ बे.